पाव सेकंद

तिघऱ्याच्या धरणावरचे माझ्याकडे
एकशे बारा फोटो आहेत. पाण्याचे.
मैथिली त्या प्रत्येकातून नुकतीच निघून गेलेली आहे.
कुठे कडेला कयाकचं शेपूट,
कुठे वल्ह्याचं एक पातं आणि त्यावरून निथळणारी धार,
एकात तर नुसती लाट,
तीही अंग टाकू लागलेली.

कॅमेरा दौलतगंजातून घेतला, कुणीतरी वापरलेला,
पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात मावतो म्हणून.
दुकानदार म्हणाला, झूम बघा मॅडम,
किल्ल्यावरच्या पारव्याचा डोळा दिसेल.
दिसतो. पारवा बसलेला असेल तर.
चालू केला की काच बाहेर येते कासवाच्या मानेसारखी,
आणि मी बटण दाबलं की
हा आधी विचार करतो.
पुढे सरकतो, मागे येतो, पुन्हा पुढे,
मग टिक्.
तोवर पोर चौकटीबाहेर.

तेवीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या मी.
माझा अंगठा कुणासाठी थांबलेला नाही.

भदौरिया सर काठावर, गळ्यात स्टॉपवॉच,
तीन रविवार गप्प बसले, चौथ्याला म्हणाले,
दीदी, नाव के पीछे मत भागिए.
जहाँ आएगी, वहाँ बैठिए.

मग मी ते लाल पिंप धरलं, पाण्यात नांगरलेलं,
जिथे सगळ्या वळतात.
ऊन डोक्यावर आलं की पडदा काळा होतो,
त्यात माझाच चष्मा दिसतो, म्हणून
ओढणी डोक्यावरून कॅमेऱ्यासकट पांघरली,
बटण अर्धं दाबलं,
आणि काहीच नसलेल्या पाण्यावर
नेम धरून बसले.
मागच्या पाटीवर मगरीचं चित्र,
खाली लिहिलेलं पुसट झालंय, दात तेवढे ताजे.
अर्धं दाबलेलं बटण धरून ठेवणं
हे नोटा मोजण्यापेक्षा कठीण आहे.

ती आली. वल्ह्यांचा आवाज आधी,
चप, चप, मग पिवळं जॅकेट,
मग पिंपाशी वळताना कंबर जरा जास्त झुकली
आणि बोट उलटली.

एक, दोन, तीन,
गड्डी मोजावी तशी मोजत होते मी.
सर उठले नाहीत. त्यांनी घड्याळही थांबवलं नाही.
चार, पाच,
पाण्यावर बोटीचं निळं पोट, ओलं, चकचकीत,
सहा,
सातला तिचं डोकं वर आलं, केस तोंडावर,
आणि ती हसत होती, शहाणी.

घरी येऊन पाहिलं तर माझं बोट
मला न विचारता दाबलं गेलेलं.
एकशे तेरावा फोटो. सगळ्यांत स्वच्छ.
निळं पोट, पिंपावरचा गंजसुद्धा मोजता येईल असा,
आणि पाण्याबाहेर एक पंजा, पाचही बोटं उघडी,
जसं कुणी वर्गात उत्तर येतंय म्हणून हात वर करावा.

हा नको गं आई, डिलीट कर, हसतील सगळ्या.
म्हटलं, करते.
फ्रिजवर भोपाळच्या हॉस्टेलचा फॉर्म आहे,
चुंबकाखाली. फोटोची जागा अजून रिकामी.
पासपोर्ट आकाराचा हवाय, समोर बघणारा, पांढऱ्या भिंतीपुढे.

एक दिवसाआड, पहाटे पाचला, नळ खोकतो.
आधी हवा, मग थोडं गढूळ,
मग तिघऱ्याचं पाणी.
कालचं असेल की परवाचं, कोण जाणे,
ती त्यातून जाऊन गेल्यावरचंच.
मी धारेखाली हात धरते, गार लागतो.
ती आतल्या खोलीत झोपली आहे,
उजवा खांदा उघडा, बामाचा वास.
मी बादली उचलून सरकवते, फरफटत नाही,
आणि दुसरी लावते.